लाखेची कांडी आणि बेन्झीनचे वलय : काशीच्या लाकडी खेळण्यांमागील रसायन

वाराणसी : यंत्रावर वेगाने फिरणाऱ्या लाकडावर कारागीर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते, लाकडावर पसरते आणि काही क्षणांत त्यावर चकचकीत थर चढतो. या कामाला ब्रश लागत नाही, रंग पातळ करण्यासाठी थिनर लागत नाही आणि थर वाळण्याची वाटही पाहावी लागत नाही. वाराणसीच्या खोजवाँ आणि कश्मीरीगंज भागांत सिंदूरदाण्या, भोवरे, खुळखुळे आणि भातुकलीची भांडी याच पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या घडवली जात आहेत. मराठीत ज्याला कातारकाम म्हणतात, त्याचेच हे काशीतील रूप.

या कलेला २०१४-१५ मध्ये ‘वाराणसी लाकडी लाखकाम व खेळणी’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ३० ऑगस्ट २०२० रोजीच्या ‘मन की बात’ कार्यक्रमात देशातील खेळणी उद्योगाच्या केंद्रांमध्ये चन्नपट्टण, कोंडापल्ली यांच्यासोबत वाराणसीचा उल्लेख केला. येथील ज्येष्ठ कारागीर गोदावरी सिंह यांना २०२४ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

मात्र सन्मान वाढत असतानाच बाजारात एक प्रश्न कायम आहे. लाखेचे खेळणे आणि कृत्रिम रंगाने रंगवलेले खेळणे शेजारी शेजारी ठेवले, तर बहुसंख्य ग्राहकांना त्यांतील फरक ओळखता येत नाही. या फरकावर कारागिराची मजुरी, जंगलातील लाख उत्पादकाचे उत्पन्न आणि मुलांची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी काही प्रमाणात अवलंबून आहेत. तो समजण्यासाठी राळ या पदार्थाची ओळख करून घ्यावी लागते.

राळ आणि डिंक

झाडाच्या सालीतून पाझरणारा प्रत्येक चिकट पदार्थ राळ नसतो. लाडवात घालण्याचा डिंक पाण्यात फुगतो किंवा विरघळतो. राळ पाण्यात विरघळत नाही, स्पिरिट किंवा तेलात मात्र विरघळते. उष्णतेने ती मऊ होते आणि विस्तवावर पडली की पेट घेते. धुपात वापरली जाणारी सालवृक्षाची राळ आणि ऊद म्हणजेच लोबान ही तिची ओळखीची उदाहरणे. गुग्गुळात राळ आणि डिंक दोन्ही असतात. गंगेच्या घाटांवर सायंकाळी दरवळणारा धुपाचा गंध अशाच पदार्थांमुळे निर्माण होतो.

महाभारतातील लाक्षागृहाच्या कथेत लाख आणि राळ यांचा उल्लेख घर पेटावे यासाठीचे साहित्य म्हणून येतो. या पदार्थांचा ज्वालाग्राही गुण प्राचीन काळापासून माहीत होता, याची ही साक्ष म्हणता येईल.

लाख मात्र झाडातून थेट पाझरत नाही. केरिया लॅक्का या सूक्ष्म कीटकाचा तो स्राव आहे. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे कीटक असंख्य संख्येने वस्ती करतात, झाडाचा रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच तयार करतात. ‘लक्ष’ या संख्येवरूनच लाख हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. पळस-बोरावरील वाणाला रंगीनी आणि कुसुमावरील वाणाला कुसुमी म्हणतात. कुसुमी लाख फिकट रंगाची आणि अधिक प्रतीची मानली जाते.

फांद्यांवरून खरवडून काढलेली लाख दळली व धुतली जाते. नंतर ती कापडी पिशवीत भरून भट्टीसमोर वितळवली जाते आणि ताणून तिचे पातळ पत्रे बनवले जातात. हाच चपडा. वाराणसीला लागून असलेले मिर्झापूर एकोणिसाव्या शतकात चपडा निर्मितीचे प्रमुख केंद्र होते. आज देशातील लाख उत्पादनात झारखंड अग्रेसर असून छत्तीसगड, मध्य प्रदेश, पश्चिम बंगाल आणि ओडिशासह महाराष्ट्रातील गोंदिया व गडचिरोली या जिल्ह्यांतही लाख घेतली जाते.

कांडी का वितळते?

लाख साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअस तापमानाला वितळते. फिरत्या लाकडावर कांडी दाबल्यावर घर्षणातून एवढी उष्णता सहज निर्माण होते. थंड होताच लाख पुन्हा घट्ट होते, आणि थर असमान झाला असेल तर पुन्हा घर्षण देऊन तो सारखा करता येतो. कातारकामाचे संपूर्ण तंत्र या एका गुणावर उभे आहे. कर्नाटकातील चन्नपट्टणमध्ये असा थर केवड्याच्या कोरड्या पानाने घासून चकचकीत केला जातो.

तंत्राची मर्यादाही यातूनच ठरते. लाखेची कांडी फक्त गोल फिरणाऱ्या वस्तूवर चालते. देवदेवतांच्या मूर्ती, पक्षी, हत्ती-घोडे अशा कोरीव वस्तूंना ब्रशनेच रंगवावे लागते आणि तेथे तयार कृत्रिम रंगांचा वापर होतो. काशीतील कारागिरीत हे दोन्ही प्रवाह एकत्र नांदतात. त्यामुळे ‘काशीचे लाकडी खेळणे’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू लाखेची असतेच असे नाही.

लाकडातही बदल झाला आहे. या कामासाठी पूर्वी कोरैयाचे, म्हणजे कुडा जातीच्या झाडाचे, पांढरे व मऊ लाकूड वापरले जात असे. जंगलतोडीवर निर्बंध आल्यानंतर कारागीर निलगिरीकडे वळले.

उदापासून बेन्झीनपर्यंत

कृत्रिम राळ आणि कृत्रिम रंग यांच्या जन्मकथेची सुरुवातही एका नैसर्गिक राळेपासून होते. ही राळ म्हणजे ऊद. आग्नेय आशियातील स्टायरॅक्स जातीच्या झाडांपासून मिळणाऱ्या या राळेला अरब व्यापारी ‘लुबान जावी’, म्हणजे जावाचा लोबान, म्हणत. युरोपीय भाषांत या नावाचा अपभ्रंश होत ‘बेन्झॉइन’ हा शब्द तयार झाला. त्या राळेतून मिळालेल्या आम्लाला बेन्झॉइक आम्ल असे नाव पडले.

ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८२५ मध्ये दिव्याच्या वायूच्या अवशेषातून एक नवा द्रव वेगळा केला. पुढे १८३३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आइलहार्ट मिट्शरलिख यांनी बेन्झॉइक आम्ल चुन्यासोबत तापवून तोच द्रव मिळवला. उदाच्या नावावरून आलेले ‘बेन्झीन’ हे नाव त्या द्रवाला कायमचे चिकटले. ऑगस्ट केकुले यांनी १८६५ मध्ये या द्रवाच्या रेणूची रचना मांडली. सहा कार्बन अणूंचे ते बंद वलय होते.

या कुळातील सुरुवातीचे अनेक पदार्थ सुवासिक असल्याने त्यांना ‘ॲरोमॅटिक’, म्हणजे सुगंधी, संयुगे म्हटले गेले. पुढे या शब्दाचा गंधाशी असलेला संबंध सुटला. रसायनशास्त्रात आज ॲरोमॅटिक म्हणजे बेन्झीनसारखे स्थिर वलय असलेले संयुग. त्याला सुवास असेल, दुर्गंध असेल किंवा कोणताही गंध नसेल. व्हॅनिलाचा सुवास देणारे व्हॅनिलिन या कुळातील आहे आणि थिनरमधील टोल्युईनही याच कुळातील आहे.

लाखेवरील दोन आघात

लाखेच्या किड्यापासून दोन वस्तू मिळतात. एक राळ आणि दुसरा तांबडा रंग. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपीय व्यापाऱ्यांना राळेपेक्षा रंगाचे आकर्षण अधिक होते. लोकर आणि रेशीम रंगवण्यासाठी तो भारतातून निर्यात होत असे.

इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री पर्किन यांनी १८५६ मध्ये डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलिनमधून जांभळा रंग तयार केला. ॲनिलिनचा पाया बेन्झीनचे वलय हाच आहे. त्यानंतर काही दशकांत कृत्रिम रंगांची रीघ लागली आणि लाखेच्या रंगाची मागणी कोसळली. लाख धुतानाचे जे तांबडे पाणी पूर्वी विकले जात होते, ते सांडपाणी ठरले. लाखेचा तो नैसर्गिक रंगही रासायनिकदृष्ट्या ॲरोमॅटिक कुळातीलच आहे. झाडावरील वलयाला कारखान्यातील वलयाने मागे टाकले.

राळेची बाजू मात्र त्यानंतर अधिक मजबूत झाली. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी चपडा हा बांधणीचा मुख्य पदार्थ ठरला. बालपणीची काही वर्षे बनारसमध्ये घालवलेल्या गौहर जान यांचा आवाज नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात ध्वनिमुद्रित झाला. त्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होऊन भारतात आल्या. त्या काळात जगाला लाख पुरवणारा प्रमुख देश भारतच होता. विजेच्या तारांच्या वेष्टनासाठी आणि लाकडावरील पॉलिशसाठीही चपड्याची मागणी वाढत होती.

या मागणीतूनच दुसरा आघात झाला. किड्यावर अवलंबून असलेला पुरवठा अपुरा आणि महाग असल्याने चपड्याला पर्याय शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले. बेल्जियममध्ये जन्मलेले अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकेलँड यांनी प्रथम फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांपासून स्पिरिटमध्ये विरघळणारी राळ तयार केली आणि तिला ‘नोव्होलॅक’ असे नाव दिले. या नावातील ‘लॅक’ म्हणजे लाखच. पुढे १९०७ मध्ये त्यांनी बेकलाइटच्या पेटंटसाठी अर्ज केला. पूर्णतः कृत्रिम अशा पहिल्या प्लॅस्टिकचा जन्म अशा रीतीने लाखेला पर्याय शोधताना झाला.

लाख आणि बेकलाइट यांत एक मूलभूत फरक आहे. लाख तापवली की पुन्हा वितळते. बेकलाइट एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. विजेच्या बटणासाठी हा गुण मोलाचा ठरला, पण लेथवरील कारागिराला त्याचा उपयोग नाही. विजेच्या उपकरणांतून लाख मागे पडली. १९४८ मध्ये अमेरिकेत व्हिनाइलची दीर्घवादन तबकडी आल्यानंतर ध्वनिमुद्रणातूनही ती हळूहळू बाहेर गेली. कातारकामात मात्र ती टिकली, कारण त्या कामाला घर्षणाने वितळणारीच राळ हवी असते.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

लाखेच्या बाजूने बोलताना ती ‘नैसर्गिक, म्हणून सुरक्षित’ असा युक्तिवाद अनेकदा केला जातो. तो अपुरा आहे. शुद्ध केलेल्या लाखेचा वापर औषधी गोळ्यांच्या व मिठाईच्या लेपासाठी आणि फळांच्या चकाकीसाठी अनेक देशांत मान्य आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ती ई ९०४ या क्रमांकाने नोंदवली जाते. परंतु खेळण्यावरील थरात केवळ लाख नसते. तिच्यात रंगद्रव्य मिसळलेले असते आणि धोका बहुधा त्या रंगद्रव्यात दडलेला असतो.

पिवळ्या आणि केशरी छटांसाठी शिसेयुक्त क्रोमेट रंगद्रव्ये दीर्घकाळ वापरात होती. लहान मुले खेळणी तोंडात घालतात आणि शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. लाखेत असे रंगद्रव्य मिसळले, तर राळेचा नैसर्गिकपणा मुलाचे संरक्षण करू शकत नाही. जुन्या काळी तर चपड्याला उजळ पिवळा रंग यावा म्हणून त्यात हरताळ, म्हणजे आर्सेनिकचे संयुग, मिसळण्याची पद्धत होती.

याउलट पूर्ण घट्ट झालेली कृत्रिम राळ हाताळायला सहसा धोकादायक नसते. तिचा प्रश्न आधीच्या टप्प्यावर असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेन्झीन आणि फॉर्मल्डिहाइड या दोन्हींना मानवी कर्करोगास कारणीभूत पदार्थांच्या गटात ठेवले आहे. थिनरमधील टोल्युईनसारख्या द्रावकांच्या वाफा चेतासंस्थेवर परिणाम करतात. लहानशा, हवा न खेळणाऱ्या खोलीत दिवसभर फवारणी किंवा ब्रशने रंगकाम करणाऱ्यावर त्याचा पहिला भार पडतो. लाखेच्या कांडीत द्रावक नसतो, हा तिचा खरा फायदा आहे आणि तो ग्राहकाआधी कारागिराला मिळतो. लाकडाच्या भुशाचा त्रास मात्र दोन्ही प्रकारच्या कामात सारखाच असतो.

‘नैसर्गिक’ या शब्दाला आणखी एक मर्यादा आहे. धुपात व औषधांत वापरल्या जाणाऱ्या गुग्गुळाची झुडपे सालीवर अतिरेकी घाव घालून राळ काढल्यामुळे मरतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही वनस्पती अतिसंकटग्रस्त गटात आहे. त्या तुलनेत लाख शेतीत झाड जिवंत ठेवावे लागते. झाडच गेले तर पुढच्या हंगामातील किडा जगणार नाही. त्यामुळे लाखेला भाव मिळाला, तर पळस-कुसुमाची झाडे राखण्याला आर्थिक कारण मिळते.

नियम आणि सूट

घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला. तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. खेळण्यांसाठी २०२० मध्ये स्वतंत्र गुणवत्ता नियंत्रण आदेश काढण्यात आला. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक झाले. खेळण्यांवरील आयात शुल्कही २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले.

गुणवत्ता आदेशातून हस्तकला कारागिरांना सूट आहे. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना आणि भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्यांच्या उत्पादनांना मानक चिन्ह घ्यावे लागत नाही. घरात लेथ चालवणाऱ्या कारागिराला प्रयोगशाळेच्या चाचण्यांचा खर्च पेलणे कठीण असल्याने ही सूट आवश्यक होती. परंतु सूट म्हणजे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. भौगोलिक मानांकन वस्तूचे नाव, उगम आणि पद्धत यांचे रक्षण करते. रंगातील शिसे ते मोजत नाही.

त्यामुळे चाचणीतून सुटलेल्या खेळण्याची विश्वासार्हता कारागीर कोणता रंग विकत घेतो यावर येऊन ठरते. शिसेमुक्त, खाद्यदर्जाची किंवा वनस्पतिजन्य रंगद्रव्ये महाग पडतात. त्यांचा खर्च विक्रीच्या किमतीत दिसला नाही, तर तो कारागिराच्या मजुरीतून जातो. समूहासाठी एकत्रित रंगखरेदी आणि नमुना चाचणीची सोय झाली, तर हा भार वाटला जाऊ शकतो.

ग्राहकाने काय पाहावे?

लेथवर चढवलेल्या लाखेच्या थरात ब्रशचे फटकारे दिसत नाहीत. रंगाचे पट्टे वस्तूभोवती समान वर्तुळांत असतात आणि दोन रंगांची सीमा सहसा रेखीव असते. थर पृष्ठभागाशी एकजीव वाटतो, त्याचे पोपडे सहज निघत नाहीत. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून वस्तूच्या न दिसणाऱ्या भागावर स्पिरिटचा बोळा घासल्यास लाख चिकट होते व रंग सोडते. तैलरंगावर किंवा पॉलियुरेथेनवर तसा परिणाम सहसा होत नाही. मात्र या परीक्षेने राळेचा प्रकार कळतो, रंगद्रव्य निर्धोक आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी विक्रेत्याकडे रंगाबाबत विचारणा करणे आणि अगदी लहान मुलांसाठी रंग न लावलेले खेळणे निवडणे हा सोपा मार्ग आहे.

लाखेची खेळणी तीव्र उन्हात, गरम वस्तूजवळ किंवा सॅनिटायझरने पुसून ठेवू नयेत. उष्णता आणि अल्कोहोल या दोन्हींमुळे थर खराब होतो.

पुढील वाट

लाखेवरील संशोधनासाठी रांची येथे १९२४ मध्ये स्थापन झालेली संस्था २००७ मध्ये नैसर्गिक राळ व डिंक संस्था झाली आणि २०२२ पासून राष्ट्रीय दुय्यम कृषी संस्था म्हणून ओळखली जाते. २०२४ मध्ये तिला शंभर वर्षे पूर्ण झाली. गौण वनोपजांना किमान आधारभूत किंमत देणाऱ्या, २०१३-१४ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत लाखेचाही समावेश आहे.

लाखेची मागणी आता नव्या दिशांनीही येते. तिच्यातील ॲल्युरिटिक आम्लापासून कस्तुरीसारख्या गंधाची संयुगे बनवली जातात आणि सुगंधी द्रव्यांच्या उद्योगात त्यांना स्थान आहे. दुसरीकडे कोकणात परिचित असलेल्या काजूच्या टरफलाच्या तेलातील फिनॉल कुळातील संयुगांपासून वाहनांच्या ब्रेकसाठी कृत्रिम राळ तयार होते. वनस्पतिजन्य आणि कृत्रिम यांच्यातील सीमारेषा वाटते तितकी ठळक नाही, हे अशा उदाहरणांतून स्पष्ट होते.

काशीच्या कातारकामापुढील प्रश्नही ‘निसर्ग की कारखाना’ असा नाही. घर्षणाने वितळणारी राळ या कलेकडे आहे आणि तिला अद्याप सोपा पर्याय नाही. त्या राळेत मिसळला जाणारा रंग तपासलेला असावा आणि लेथवर केलेल्या कामाची किंमत ब्रशने रंगवलेल्या वस्तूपेक्षा वेगळी दिसावी, या दोन गोष्टींवर खोजवाँतील लेथ पुढील पिढीच्या हाती जातील की नाही हे ठरेल.